मांजराचा बर्फ

गोठ्यात खिळ्याला रेडिओ टांगलेला,
एरियलच्या जागी मोडक्या छत्रीची काडी.
पहाटे साडेपाचला चेलो सुरू होतो
आणि मुस्तिक पान्हा सोडते.
हेल्यूचं म्हणणं, ही गाय बातम्यांना दूध चोरते,
तुताऱ्यांना लाथ मारते,
चेलो मात्र तिला मानवतो.
मानवतो म्हणजे, पाव बादली जास्त.

हिउमा बेटावर फेब्रुवारी.
उजेडाला अजून अडीच तास.
समुद्र गोठलाय की नाही
हे खाडीकडून काहीच ऐकू येत नाही त्यावरून कळतं.
आज अंगणातल्या डबक्यावर मांजर
नव्या पापुद्र्यावर एक पाय टेकून बघत होतं,
हेल्यू जाता जाता त्याला म्हणाली
आईचा एक शब्द:
मांजराला पेलेल, माणसाला नाही,
त्या बर्फाचं नाव.
म्हणाली आणि विसरली,
बादली कुठे ठेवली ते शोधायला लागली.

मग रेडिओ तिच्या कडेवर बसून स्वयंपाकघरात.
बटाटे सोलताना पियानो.
निवेदिकेला तीन दिवस सर्दी आहे,
"न" चा "ड" होतोय, आणि कुणी तिला
घरी पाठवत नाही, म्हणून हेल्यू चिडलेली.
त्यानंतर ऑर्गनच्या भात्याला कुठल्या जनावराचं कातडं लागतं
यावर पाऊण तास.
(मेंढीचं. तिला वाटलंच होतं.)
एल्मार होता तेव्हा या घरात
फक्त जहाजांसाठीचं हवामान लागायचं.
तेही तो उभ्यानं ऐकायचा.

दुपारी तार्तूचा विद्वान आला, मवाळ आवाजाचा.
बेटावरच्या हरवलेल्या शब्दांबद्दल बोलला.
कागद उलटल्याचा आवाज, आणि मग
तोच शब्द.
म्हणाला, "सत्तर सालानंतर
हा कुणाच्या तोंडी आढळलेला नाही."
उच्चारही चुकवला. पहिला स्वर
ऱ्हस्व नाही, दीर्घही नाही,
दीर्घाच्या पलीकडे जाऊन थोडा थांबतो तो,
त्याने तो दारातच सोडला.

सुरी हातात तशीच.

ह्याच शब्दाची हाक आईने मारली होती किनाऱ्यावरून.
थांब नाही, मागे फिर नाही,
नुसता तो एक शब्द.
सात वर्षांची हेल्यू
उचललेलं पाऊल खाली न टेकता
उभी राहिली.
तिच्या पुढे रेइन होता.
त्याला लहानपणापासून ऐकू कमी यायचं.

श्रोत्यांसाठी नंबर सांगितला.
तिने बटाट्याच्या सालीवर नखाने कोरून घेतला,
फिरवला. आधी वाट बघायला लावणारं संगीत,
तेच, जे रेडिओवरही चालू होतं,
दोन्ही कानांत, एकमेकांच्या जरा मागेपुढे.
मग एक मुलगी: "आजी, काय विचारायचंय?"
"विचारायचं नाही. सांगायचंय."
आणि सांगितला.
"परत सांगता? आवाज तुटतोय."
परत.
मुलीने म्हणून बघितला, आखूड.
"नाही. लांब."
मुलीने लांबवला.
"अजून. किनाऱ्यावरून निघून
त्याच्यापर्यंत पोचायला हवा."
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग मुलीने विचारलं, "कुणापर्यंत?"
"लिहून घेतलंस ना?" हेल्यू म्हणाली,
आणि फोन ठेवला,
कारण बटाटे काळे पडत होते.

संध्याकाळी धारेला बसली तेव्हा
राजधानीतून मैफलीचं थेट प्रक्षेपण होतं.
सुरुवातीला नुसतं लोकांचं खोकणं,
शे-दोनशे माणसं, उबेत बसलेली,
मुस्तिकने कान टवकारले,
दुधाची पहिली चिळकांडी बादलीत वाजली.
बाहेर मांजर पुन्हा डबक्याशी, आता मधोमध, निवांत.
हेल्यूने कपाळ गाईच्या कुशीला टेकलं.

मग तुताऱ्या लागल्या
आणि बादली कलंडली.