थंड रबर

जानेवारी. पहाटेचे साडेपाच.
माझगावात चौदा अंश, म्हणजे आमच्याकडे हिमालयच;
वॉचमन कानटोपीत गडप,
चहावाल्याच्या स्टोव्हला पाच जण चिकटलेले.

केरसी शेठची पिवळी गाडी दुकानापुढे.
गेल्या मे महिन्यात मीच चढवले हे टायर:
ट्रॅकवरचे, जवळजवळ बिननक्षीचे,
तापले की पाकासारखा रस्ता धरणारे.
तळवा ठेवतो.
लाकूड.
नख रुतत नाही.

"शेठ, पहिले दहा किलोमीटर जरा बेतानं."
"सायमन, मुंबईत थंडी असते कुठे?"
आणि मी शेजारी बसतो. पट्टा दोनदा तपासतो.

फ्रीवेच्या चढावर, वळणात,
गाडीचं मागचं अंग पुढे यायला निघतं.
किंचाळी नाही, धूर नाही.
थंड रबर भांडत नाही,
नुसतं सोडून देतं.

शेठचे हात उलटे, सुलटे, परत उलटे.
दिव्याचा खांब एकदा डावीकडे, एकदा समोर.
मग आम्ही उभे. तोंड शहराकडे,
कठडा वीतभर लांब.
इंजिन टकटक करत निवतंय.

शेठ खाली उतरून टायरला हात लावतात,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा,
फक्त उलट.
"साधे कितीला पडतील?"
आकडा सांगतो. घासाघीस होत नाही.

परतताना काटा विसावर.
वाडी बंदरला दुधाचा टेंपो हॉर्न मारत पुढे जातो,
रिमोल्डच्या चार टायरांवर,
एक तर माझ्याच हातचा.