गट नंबर सहा

साखरीनाट्यात बर्फाच्या कारखान्याचा कंप्यूटर
मंगळवारी पहाटे उठलाच नाही.
सोलकरांचा फोन: "काळ्यावर पांढरं कायतरी लिवलंय, बाई,
आणि नुसता डोळा मिचकावतोय.
बोटी लागल्यात. या."

जैतापूरहून स्कूटीवर गेले,
खिशात पेनड्राइव्ह, हेल्मेटखाली अर्धी झोप.
पत्र्याची खोली, पलीकडे लाद्या फुटण्याचा आवाज,
कीबोर्डात मीठ.
या किनाऱ्यावर सगळ्याच कीबोर्डांत मीठ असतं,
स्पेसबार सगळ्यात आधी शरण जातो.

पडद्यावर दोनच ओळी.
असा हिस्सा नाही.
ग्रब रेस्क्यू, आणि त्यापुढे तो मिचकावणारा.

"एकाच डिस्कवर दोघं आहेत का?"
"दोघं," सोलकर म्हणाले,
भाडेकरूबद्दल सांगावं तसं.
"विंडोज माझं. पावत्या, डिझेल, उधारी.
दुसरं रुकय्यानं घातलं, डिप्लोमाला होती तेव्हा.
आता ती शारजाला. मी कधी हात लावला नाय."

म्हटलं, काका, डिस्कलाही सातबारा असतो.
तुमचा एवढा हिस्सा, तिचा तेवढा.
रात्री विंडोजनं स्वतःला अपडेट करताना
मध्येच चिमूटभर तुकडा आपल्या नावे काढला,
दुरुस्तीचं सामान ठेवायला म्हणे.
झालं, पुढचे नंबर एकेकानं सरकले.
दारात बसून वाट दाखवणारा जो इवलासा आहे
तो अजून पाच नंबरात जाऊन हाका मारतोय,
आणि तिथे आता दुसराच कुणी राहतो.

"आमच्या कलमांचं हेच झालं," सोलकर म्हणाले.
"मोजणीवाला आला आणि बांध गेला."

एकेक दार वाजवत गेले.
एक: ओळखत नाही.
दोन: ओळखत नाही.
पाचात नुसती कुलूपबंद खोली.
सहा नंबरात सगळं होतं, जिथल्या तिथे,
फक्त पत्ता चुकलेलं.

तीन ओळी, स्पेसबारला दोन ठोसे,
आणि यादी उघडली: वर तिचं, खाली त्यांचं.
मग मुळापासून नीट बसवलं, नवा नंबर घालून.

"माझं वर घ्या."
घेतलं. किती सेकंद थांबू दे?
"कशाला थांबायचं?"
निवडायला. नाही निवडलं तर आपोआप तुमचं.
ते पाच म्हणाले, मी दहा.
बाहेर हमालानं शिवी घातली, टेम्पो मागे येत होता,
त्या गडबडीत सात ठरले.

शनिवारी पुन्हा फोन.
लतीफ होडेकर पावती घेऊन भांडतोय:
बर्फ भरला पहाटे चार दहाला,
कागदावर आदल्या रात्रीचे दहा चाळीस.
"दहा चाळीसला मी वीस वावात जाळं ओढत होतो,
दोन खेपांचे पैसे लावता काय?"

साडेपाच तास. ऐकताच कळलं.
घड्याळ दोघांत एकच, बटणाएवढ्या सेलवर चालणारं.
एक त्यात ग्रीनिचची वेळ लिहून झोपतं,
दुसरं उठून तीच नाट्याची समजून वाचतं.
पण त्यासाठी आधी
त्या दुसऱ्याला कुणीतरी उठवायला लागतं.

काका, तिचं उघडलं होतं का कुणी?

बराच वेळ फक्त कंप्रेसरची घरघर.

"सात सेकंद फार होतात, बाई.
नुसतं बघत बसवत नाय.
बोट गेलं खालच्या बाणावर."

आणि पासवर्ड?

"होडीचं नाव. विकली ती.
आत तिनं जेटीचा फोटो लावलाय.
मी आहे त्यात. पाठमोरा, लादी उचलताना.
कधी काढला, काय ठाऊक."

गेले. तिच्या बाजूला एक ओळ लिहायची होती,
घड्याळात इथलीच वेळ धर, एवढंच सांगणारी.
सोलकर मागे उभे.
"ते सात आहेत ना," म्हणाले, "दहा करा."

स्पेसबार पुन्हा अडकला होता.
दर शब्दामागे थांबून लिहावं लागलं.