तिसरा तास

जिल्हा क्रीडा कार्यालयाचं पत्र सोमवारी येतं
आणि सामना असतो गुरुवारी, सव्वादहाला.
सव्वादहाला माझं गणित असतं. नववी ब.

मी मराठीत मोजते, हिंदीत शिकवते,
या लश्करच्या शाळेत एकोणीस वर्षं.
वेळापत्रकही माझ्याच गळ्यात,
कारण मला चौकोन आखता येतात.

रजनी कुशवाहच्या वहीत
ऑगस्टनंतर एकदम ऑक्टोबर येतो.
मधे दोन पानं तिनेच कोरी सोडलीत,
वर पेन्सिलीने बारीक: बाद में.
त्याच सप्टेंबरात, सात सामन्यांत
आमच्यावर गोल झाला एक.

तोमर सर म्हणाले, मैदान सकाळी मिळेल, मॅडम.
पण डिसेंबरात सकाळी गोलखांबापाशी उभं राहिलं
तर मधली रेघ दिसत नाही, चेंडू नुसता ऐकू येतो.
सुटल्यावर? सुटल्यावर हजीऱ्याचे टेम्पो भरून जातात,
पाचला पोरींच्या घरून फोन.
रविवार? रविवारी रजनी
आईबरोबर थाटीपूरला लग्नाच्या पुऱ्या लाटते.

मी खोडरबर घेतलं.
प्रयोगशाळा एकच, ती हलत नाही.
चित्रकलेला कुणी वाली नाही
म्हणून दरवर्षी तिचाच बळी,
यंदा मात्र हात धजला नाही.
शेवटी दातेबाईंचा गुरुवारचा पहिला तास मागितला,
बदल्यात माझा शनिवारचा दुसरा दिला.
त्या अजून बोलत नाहीत नीट.
कागद तलम झाला त्या चौकोनात,
उजेडाला धरला तर पलीकडची खिडकी दिसते.

पुढच्या सोमवारी पत्र आलं:
यापुढे सामने मंगळवारी.

मंगळवारी माझ्यासमोर अर्धे बाक रिकामे,
उरलेल्या पोरींनी विचारलं, मॅडम, आपणही जायचं?
गेलो. मुख्याध्यापिका बैठकीत होत्या.

एक पोरगी एकटी सुटून आली, चेंडू घेऊन.
रजनी खांब सोडून पुढे धावली,
पुढे, अजून पुढे,
आणि समोरचीला गोल दिसेनासा झाला.
कोरी पानं कोनांचीच होती.
खेळातूनच शिकतात मुलं, असलं काहीतरी
ओठांवर आलं माझ्या,
भाषणात शोभेलसं. गिळलं.
मार्चमध्ये पेपरात मैदान काढून चालत नाही.

सामना संपला, टेम्पोला वीस मिनिटं होती.
पायरीवर ती पाय पसरून बसली, पॅड न सोडता,
मांडीवर वही. मी खडू आणला नव्हता,
विटेच्या तुकड्याने फरशीवर त्रिकोण काढला.
घाम वहीवर पडला की ती कोपराने पुसायची,
आकडे फरफटायचे.

एक पान झालं.
टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला.
दुसऱ्या पानावरचं बाद में
तिने तसंच ठेवलं,
फक्त समोर वार लिहिला,
मला विचारून.