हातचा

योएन्सूत मार्च महिना, बाहेर उणे अठरा.
मी ताउनो, कागद गिरणीतून निवृत्त,
लोकरी मोज्यांत पाय खुपसून
मेहुणीच्या गाडीसाठी एक सीडी करतोय.
हिल्काच्या जुन्या टोयोटाला दुसरं काही कळत नाही.

सिर्काच्या टेपवर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने,
सीडीला हवेत चव्वेचाळीस हजार शंभर.
म्हणजे एकशेसाठांच्या जागी एकशे सत्तेचाळीस.
मला वाटलं, तेरा जण घरी पाठवायचे.
तसं नसतं.
रिसॅम्पलर सगळ्यांनाच उठवतो
आणि दोन टिंबांच्या मधे,
जिथे टेपनं कधी पाहिलंच नाही,
तिथे तिची तार कुठे होती ते नेमकं सांगतो.
चाळीस वर्षांच्या संसारात
मला हे एकदाही जमलं नाही.

पण नवे आकडे सगळे अपूर्णांकात,
आणि सीडीच्या दारात पूर्णांकांनाच प्रवेश.
प्लेअरची मूळ सेटिंग म्हणते : उरलेलं छाटा.
हातचा धरायला विसरलेल्या पोरासारखं
ते बेरीज करत सुटतं.

कांतेलेची तार एकदा छेडली
की लवकर गप्प बसत नाही.
सिर्का वाजवून झाल्यावर हात मांडीवर ठेवायची
आणि कुणाला खुर्ची हलवू द्यायची नाही.
ते शेपूट मी आवाज पूर्ण वाढवून ऐकलं.
आधी खरखर, बूट वाळूत घासल्यासारखी.
मग शून्य.
शून्य, शून्य, शून्य,
ती अजून गप्प झालेली नसताना.

खालच्या कोपऱ्यात एक चौकोन आहे : डिदर.
त्यात खूण केली की प्लगिन मिसळतं
चिमूटभर सळसळ, पायरीभर उंचीची,
जिला चाल नाही, पाठांतर नाही.
काठावरच्या आकड्याला ती कधी वर ढकलते, कधी सोडून देते.
ज्याचा अपूर्णांक मोठा, त्याची पाळी जास्त वेळा.
एकेकाला न्याय मिळत नाही,
हजारोंची बेरीज मात्र चुकत नाही.
पुन्हा ऐकलं.
बर्फ भुरभुरत होता, आणि बर्फाखाली
तार उतरत होती,
खाली, अजून खाली,
कुठे संपली ते मला सांगता येणार नाही.

शेजारचा आर्ने रेडिओ दुरुस्त करायचा.
म्हणाला, स्वच्छ शांततेत कचरा टाकतोस?
आणि सहा हजारांवर तुला ऐकू येतं का काही?
नाही येत.
एकतीस वर्षं यंत्र क्रमांक चारच्या शेजारी उभा होतो,
तेव्हापासून कानात एक शिट्टी राहायला आलीय.
डॉक्टर तिला आजार म्हणतात.
मी आर्नेला कॉफी ओतली
आणि खूण तशीच ठेवली.

रविवारी हिल्काचा फोन.
छान झालीय सीडी, म्हणाली,
पण शेवटची चाल संपली कधी, कळलंच नाही.
कोंतियोलाहतीच्या वळणापर्यंत ऐकत होते,
मग लक्षात आलं,
हे तर माझे खिळ्यांचे टायर वाजतायत.

मी विचारलं,
वळणाच्या अलीकडे, की पलीकडे?