तुडुम

पहिल्या सभेला कोरम भरला नाही.
दुसरीत मारबत्याच्या पोरानं खुर्ची उचलली.
दोन्ही वेळा सतरंजी मीच अंथरली, मीच झटकली.
पंचायतीचा चपराशी आहे मी,
चहाचे एकशे ऐंशी रुपये अजून माझ्याच नावावर आहेत.

प्रश्न एवढाच:
तलावाचं तुडुम उघडायचं की नाही.
खाली बांध्यांत धान पोटरीवर आलेला,
वर पाण्यात ढिवरांनी सोडलेलं बोटभर मासोळीचं बीज,
आणि आभाळ असं, की
कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हतं.

"मालगुजाराच्या राज्यात असं नोतं बाप्पा,"
आसारामबुवा पारीवर बसून सांगत होते,
"एक माणूस बोले, नऊशे कुदळी चालत.
एका उन्हाळ्यात बांधला हा तलाव.
तुमाले तं पाटीभर माती टाकाले तीन ठराव लागते."

खरं आहे.
पार अजून कुठं खचलेली नाही,
सलंगाचा दगड न दगड जागेवर.
आम्ही बांधलेली नाली मात्र दुसऱ्याच पावसात
बिलासकट वाहून गेली.

पण आसारामबुवा एक साल गाळून सांगतात.
त्या साली मालगुजारानं सगळं पाणी
स्वतःच्या उसाकडे वळवलं,
आणि ज्यानं "काहून?" विचारलं
त्याला याच पारीवर उभा केला,
दिवसभर, डोक्यावर दगड देऊन.
पुढच्या साली कोणी विचारलं नाही.
म्हणून सगळे म्हणतात, कारभार सुरळीत होता.

तिसऱ्या सभेत हात मोजले.
उघडा: एक्केचाळीस. नको: अडतीस.
तुडुम उघडलं.
परतीचा पाऊस आलाच नाही.
धान अर्धा भरला, अर्धा पोचट.
माघात तलावाच्या तळाला भेगा,
मासोळ्या चिखलात तोंड उघडून.

म्हणजे चुकलोच आम्ही,
एक्केचाळीस जण मिळून,
रीतसर, अंगठ्यानिशी.

चौथ्या सभेत भागरता चाचेरे उभी राहिली.
वीतभर मेलेला रोहू सरपंचाच्या टेबलावर ठेवला, म्हणाली,
"हे घ्या तुमचं बहुमत.
लिवा. माह्या नावानं लिवा."
ग्रामसेवक घुटमळला,
मग पेनाचं टोपण काढलं, लिहिलं.
रजिस्टरच्या त्या पानाला अजून वास येतो.

कोणी तिला उन्हात उभं केलं नाही.
नुकसानीचं काय, तेही कोणी सांगितलं नाही.
त्यासाठी पाचवी सभा आहे,
बुधवारी, नेमकी बाजाराच्या दिवशी.

खोली झाडून मी कुलूप लावलं.
अंधारात आसारामबुवा आणि भागरता
अजून भांडत होते, मधून मधून
एकाच डबीतला खर्रा खात.

मीही त्या दिवशी हात वर केला होता,
दाराशी उभा राहून,
दुसऱ्या हातात चहाची किटली.
मोजणाऱ्यानं मला धरलं की नाही
माहीत नाही.
विचारीन म्हणतो.