तारांकित

फोन आला तेव्हा मी फ्रीजवरची धूळ पुसत होतो.
फ्रीज लशींचा, आत माझा डबा.
जिल्ह्याचे साहेब होते. "तारांकित लागलाय,
खैरबोडीचं नाव आहे. चारच्या आत माहिती पाठव."
मी उभा राहिलो.
एकोणीस वर्षांत या दवाखान्याचं नाव
असं घाईनं कुणी घेतलं नव्हतं.

मग त्यांनी प्रश्न वाचून दाखवला, भराभर:
मौजा खैरबोडी येथील पशुवैद्यकीय दवाखान्यात
मागील चार वर्षांपासून डॉक्टर नाहीत, हे खरे आहे काय;
असल्यास, परिचराच्या भरवशावर कारभार चालतो,
हेही खरे आहे काय;
असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

परिचर म्हणजे मी. डोमा कापगते.
अशा प्रश्नाआधी चांदणी छापतात म्हणे.
नागपूरच्या त्या दगडी इमारतीत
माझं नाव नाही, पण पद तरी वाचलं जाणार होतं.

खरं तेच लिहिलं, निळ्या शाईनं:
डॉक्टर नाहीत. आहे तो मी.
फोटो काढून पाठवला.

तालुक्याला "नाहीत"चं "नियमित नाहीत" झालं.
जिल्ह्यात "अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात आला आहे".
सोपवलाय खरा, साठ किलोमीटरवरच्या मॅडमना,
त्यांच्याकडे असे तीन दवाखाने आधीच.
पुण्याला मी कुठल्याशा वाक्यात
"उपलब्ध मनुष्यबळ" झालो.
आणि मंत्र्यांच्या फाइलीत शिरेपर्यंत
कागदाच्या अंगावर एवढंच उरलं:
हे खरे नाही.
पुढच्या दोन्ही भागांसमोर:
प्रश्न उद्भवत नाही.

त्याच रात्री पारबता लांजेवार दारात.
"गाय अडली, डोमा."
गोठ्यात तणसावर दव, मोबाइलचा उजेड,
आणि तिचे प्रश्न.
"डॉक्टर कवा येते?"
"कळवलो जी."
"कोनाले?"
"वर."
"वर म्हंजे कोठी?"
मी बाह्या वर करत होतो.
"याच्या आंधी किती काढलास?"
"अकरा."
"वाचले किती?"
इथं वेळ संपली म्हणणारे अध्यक्ष नव्हते,
माहिती पटलावर ठेवतो म्हणायला पटल नव्हतं.
"नऊ," मी म्हणालो.
रजिस्टरच्या त्या रकान्यात शून्य आहे.
मला हात घालायची परवानगी नाही.

कोपरापर्यंत तेल. पुढचा एक पाय
मागं मुडपलेला. खूर तळहातात झाकून घ्यायचा,
म्हणजे आतून फाटत नाही,
आणि कळ ओसरेपर्यंत नुसतं थांबायचं.
हे कुठल्या परिपत्रकात नाही.
पहाटे कालवड झाली, ओली, रागावलेली.

सभागृहात त्या दिवशी सातच प्रश्न झाले.
आमचा एक्केचाळिसावा.
छापील उत्तर दुपारी मोबाइलवर आलं,
खाली एक ओळ जास्तीची:
सदर दवाखान्यातील सेवा अखंडित सुरू आहे.

ती मी पुन्हा पुन्हा वाचली.
बाकी सगळं सोडा, ही ओळ खोटी म्हणता येईना.
माझ्या हाताला अजून वास होता तिचा.
मंत्र्यांना मीच तर वाचवलं होतं, रात्री अडीच वाजता,
गुडघ्यावर बसून.
कधी वाटतं, एक रात्र फोन बंद करून निजावं,
एखादं वासरू आतच राहू द्यावं.
मग उद्भवेल.

तिसऱ्या दिवशी पारबता चिकाचं भांडं घेऊन आली,
वरून गूळ.
"मंग? काही निंगालं का नागपुरातून?"
"उत्तर आलं."
"काय आलं?"

भांडं गरम होतं.
मी ते या हातातून त्या हातात घेतलं,
आणि ती दारातच उभी राहिली,
उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही अशी.