टनाला अर्धा किलो

कोचऱ्याच्या सड्यावर, जिथे जांभा तापला की
अनवाणी माणूस नाचत चालतो,
माझी शेड आहे. दोन हजार पिल्लं.
खाली भाताचं तूस, वर पत्रा,
पत्र्यावर झावळ्या, उन्हाला फसवायला.

पहिल्या आठवड्यात मी चरबी घालत नाही.
इर्शाद फणसोपकर बजावून गेला होता:
"पित्त सुटायचंय अजून पुरतं. आत्ता चरबी दिलीस
तर जशी आत, तशी बाहेर."
ऐकलं नव्हतं मी. पहिल्याच खेपेला
कणकवलीहून डबा आणला,
थंडीत मेणासारखी गोठणारी चरबी,
आणि पातळ करून ओतली हौसेने.
चौथ्या दिवशी तूस चिकट,
पिल्लांची बुडं माखलेली,
वास असा की डोळ्यांना धार.
त्या रात्री बॅटरी घेऊन विष्ठा वाचत बसले.
पोटात गेलेलं अंगी लागतंच असं नाही
हे इतक्या जवळून कुणी दाखवलं नव्हतं.

कोंडा गिरणीतून येतो. ताजाच घ्यायचा,
आमच्या खाऱ्या दमट हवेत
चार दिवसांत खवट होतो.
त्यात फॉस्फरस भरपूर, पण भाताने तो
पुढच्या रोपाच्या नावाने गाठ मारून ठेवलेला,
आणि कोंबडीला ती गाठ सुटत नाही.
म्हणून ही भुकटी. फायटेज.
टनाला अर्धा किलो.
आधी मूठभर पिठात, मग घमेल्यात, मग ढिगात,
फावड्याने सात वेळा उलटापालट.
बांगड्याच्या तिखल्यात चार तिरफळं
सगळ्या टोपाला पुरतात, तसं.
पाकीट फ्रिजमध्ये आमसुलांच्या बरणीला टेकून असतं.
"उष्णतेने मरते," इर्शाद म्हणाला.
मुलगी विचारते, मरते म्हणजे जिवंत आहे?
मला सांगता आलं नाही.
गेल्या वर्षी चोविसाव्या दिवशी पिल्लं
पाय दुमडून, बसल्या जागी चोच मारायची.
यंदा चालत येतात भांड्यापाशी. एवढंच माहीत आहे.

निवतीचा पास्कू फर्नांडिस पेडव्याचं तेल देतो.
स्वस्त, पातळ, झटकन पचणारं.
मी ते शेवटच्या दिवसापर्यंत घातलं.
पस्तिसाव्या दिवशी काटा दोन किलो शंभरवर थांबला,
मी काट्यालाच हात जोडले.
दोन दिवसांनी परुळ्याहून फोन:
"गो बाय, कोंबडो धाडलंस काय पेडवो?
वडे-सागोती केलंय, पावणे बशीत हात घालून
एकमेकांकडे बघतत."
तेल जसं गेलं तसंच बसलं होतं मांडीत,
अख्खा निवतीचा समुद्र, न बदलता.
पैसे परत केले. उरलेल्यांतल्या दोन
पास्कूच्या घरी पोचवल्या.
तो रस्सा ओरपून म्हणाला,
"माका फरक काय तो कळाक नाय."

आता शेवटचे दहा दिवस मासळीचं तेल बंद.
मे महिन्यात मात्र सोयाबीनचं वाढवते:
पीठ पचवताना कोंबडीचं अंग तापतं,
तेलाने तेवढं तापत नाही.
वाऱ्याची झुळूक न येणाऱ्या दुपारी
माझ्या हातात एवढंच आहे,
पळीभर कमीजास्त.

गाडी रात्री येते. पिंजरे मोजून देते,
एक कोंबडी घरी ठेवते, दर खेपेला.
पोट उघडून आधी काळीज बघायचं.
कणकवलीच्या डब्याच्या वेळी पिवळट, बोटाला मऊ;
आता गडद, घट्ट.
त्याच्या खाली पित्ताची पिशवी,
हिरवीगार, तट्ट भरलेली.
ज्याची आठवडाभर वाट पाहिली
ते आता उतू जाईल इतकं आहे,
आणि आता कुणाच्याच उपयोगाचं नाही.
सुरीचं टोक लागू न देता
दोन बोटांनी काढते,
फुटली तर सगळी सागोती कडू.
माडाच्या आळ्यात पुरते.
मांजर येऊन हुंगतं, निघून जातं.